खड्डे बघायला गेलेले शेतकरी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की हवामानबदलाशी जुळवून घेण्याचे, म्हणजेच अनुकूलनाचे, सर्वांत उपयोगी धडे आज एक गरीब देश दुसऱ्या गरीब देशाकडून घेतो आहे. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी शंका घेतल्या, काहींना पुढे काय करायचं ते हवं होतं. त्यातले काही प्रश्न इथे घेते. माझी नोकरी मृदा-जलसंधारणात आणि शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे आखण्यात गेली, त्यामुळे माझी उत्तरं त्याच अंगाने येतील.

प्रश्न : पैसा श्रीमंत देशांकडे, तंत्रज्ञान त्यांच्याकडे, प्रयोगशाळाही त्यांच्याकडे. मग विकसनशील देश एकमेकांना सदिच्छांपलीकडे काय देणार? (एक निवृत्त शिक्षक)

सर, तुमच्या प्रश्नाला पश्चिम आफ्रिकेतल्या एका दौऱ्याने उत्तर देते. नायजर देशात इलेला नावाचा जिल्हा आहे. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या दुष्काळांनी तिथली जमीन सिमेंटसारखी टणक झाली होती. वर पापुद्रा धरलेला, त्यामुळे पडलेला पाऊस आत मुरायचाच नाही, वाहून जायचा. १९८९ मध्ये एका मृदसंधारण प्रकल्पाने तिथल्या १३ शेतकऱ्यांना शेजारच्या बुर्किना फासोमधल्या यातेंगा भागात नेलं. तिथले शेतकरी अशाच टणक जमिनीत पीक घेत होते, खड्डे खणून. या खड्ड्यांना तिथे 'झाई' म्हणतात.

झाई म्हणजे वीतभर-दीड वीत रुंद आणि साधारण वीतभर खोल खड्डा. तो पावसाळ्यात नाही, कोरड्या दिवसांत खणायचा. त्यात मूठ-दोन मूठ शेणखत टाकायचं. खतावर वाळवी येते आणि ती खड्ड्याच्या तळाशी बारीक बारीक बोगदे पाडते. पहिला पाऊस आला की पाणी त्या बोगद्यांतून खाली उतरतं. ज्या किड्याला आपण शेतीचा शत्रू समजतो, तो इथे फुकट नांगरणी करतो! मग त्याच खड्ड्यात ज्वारी किंवा बाजरी टोकायची. हेक्टरी दहा हजारांच्या वर खड्डे होतात.

ही रीत यातेंगात पूर्वापार होती. दुष्काळात याकूबा सावादोगो या शेतकऱ्याने तिच्यात बदल केले: खड्डे मोठे केले, खत घालायला लागला, पाऊस येण्याआधीच खणून ठेवू लागला. गावाने त्याला वेड्यात काढलं. पण त्याने स्वतःच्या शेतावर दरवर्षी मेळे भरवले, लांबलांबचे शेतकरी बोलावले, बियाणं आणि अनुभव वाटले. पुढे २०१८ मध्ये त्याला राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो वारला.

आता इलेलाच्या १३ जणांकडे येऊ. परत आल्यावर त्यांनी सुमारे चार हेक्टर पडीक जमिनीत खड्डे खणले. त्यातलं एक शेत रस्त्याच्या कडेला होतं, येणारा-जाणारा बघत होता. पुढच्या वर्षी क्षेत्र सत्तर हेक्टरांवर गेलं. ते १९९० साल दुष्काळाचं निघालं आणि बरं पीक आलं ते याच खड्ड्यांच्या शेतांत. त्यानंतर कोणाला समजावत बसावं लागलं नाही. लोक पडीक जमीन विकत घ्यायला लागले. मृदसंधारणात काम केलेल्या माणसाला विचारा, पडीक जमिनीला गिऱ्हाईक येणं म्हणजे काय असतं.

या सगळ्यात कोणत्या श्रीमंत देशाचं यंत्र लागलं? पैसे बाहेरचे होते, ते नाकारत नाही. पण ज्ञान यातेंगाच्या शेतकऱ्याचं होतं आणि ते इलेलाच्या शेतकऱ्याला पटलं, कारण दाखवणाऱ्याचेही हात तसेच चिरलेले होते, त्याचीही जमीन तशीच, त्याच्याकडेही ट्रॅक्टर नव्हता. माझ्यासारख्या तज्ज्ञाने तीच गोष्ट तक्त्यावर काढून दाखवली असती तर "तुमच्या केंद्रावर होत असेल" असं म्हणून लोक उठून गेले असते. विकसनशील देश एकमेकांना देऊ शकतात तो हा विश्वास.

झाई सगळीकडे चालत नाही, हेही सांगते. फार पावसाच्या किंवा पाणी साचणाऱ्या जमिनीत पीक कुजतं. आणि खणायला हेक्टरी शेकडो तास लागतात. मजूर शहराकडे गेलेल्या गावात एवढे हात आणायचे कुठून, हा प्रश्न बुर्किनालाही पडला आहे.

प्रश्न : 'लोकांच्या पुढाकाराने अनुकूलन' हे शब्द आता प्रत्येक अहवालात असतात. सरकारी योजनेतही लोकसहभाग असतोच. मग फरक काय? (पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी)

तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण या शब्दांचा इतका वापर झाला आहे की त्यांतला जीव जाऊ नये अशी काळजी वाटते. माझ्या मते फरक दोनच गोष्टींत आहे: निर्णय कोणी घेतला आणि पैसा कोणाच्या हातात होता. खड्डे खणायला, माती वाहायला लोकांना बोलावलं म्हणजे सहभाग झाला, पुढाकार नाही.

बांगलादेशाच्या नैऋत्येला, खुलना-जशोरच्या पट्ट्यात याचं मोठं उदाहरण आहे. तिथल्या नद्या भरतीबरोबर गाळ आणतात. पूर्वी शेतकरी आठ महिने टिकणारे मातीचे बांध घालायचे. त्यांना 'अष्टमासी बांध' म्हणत. पावसाळ्यात ते मोडू द्यायचे, म्हणजे गाळ शेतावर पसरायचा आणि जमीन वर यायची. १९६० च्या दशकात परदेशी मदतीने तिथे कायमचे उंच बांध झाले. खारं पाणी थांबलं, काही वर्षं पीकही उत्तम आलं. पण गाळाला शेतात जाता येईना, तो नदीच्या पात्रातच बसू लागला. पात्र वर आलं, बांधाच्या आतली जमीन खाली राहिली. १९८० च्या दशकात हजारो हेक्टर शेती वर्षानुवर्षं पाण्याखाली गेली.

उपाय लोकांनी शोधला. १९९० मध्ये डाकातिया बिलाभोवतीच्या गावकऱ्यांनी बांध फोडला. बिल म्हणजे मोठा पाणथळ सखल भाग. १९९७ मध्ये भायना बिलात तेच केलं. भरतीचं पाणी आत आलं, गाळ बसला, जमीन उंच झाली आणि ओहोटीच्या वेगाने नदीचं पात्रही खोल झालं. अभियंत्यांनी पुढे या रीतीला मान्यता दिली, तिला तांत्रिक नाव दिलं आणि सरकारी प्रकल्पात घेतली. पण ज्यांची शेतं काही वर्षं पाण्याखाली द्यायची त्यांना भरपाई वेळेवर मिळेना, तेव्हा काही ठिकाणी लोकांनीच तिला विरोध केला. रीत तीच, नदी तीच. फक्त ठरवणारे बदलले होते. 'पुढाकार' शब्दाचा अर्थ मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

सरकार आणि लोक एकत्र असले म्हणजे बिघडतंच असं मात्र समजू नकोस. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर सरकार आणि रेड क्रिसेंट यांनी मिळून चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा केला. त्यात गावचेच स्वयंसेवक झेंडे चढवतात, मेगाफोन घेऊन दारोदार जातात, म्हाताऱ्यांना निवाऱ्यात पोचवतात. आज ते ७५ हजारांहून अधिक आहेत. १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार मृत्यू झाले होते. २००७ च्या सिद्र वादळात सुमारे ३,४००. मधल्या काळात निवारे वाढले, अंदाज सुधारले, पण शेवटची हाक दारात येऊन गावचाच माणूस देतो. १९९१ मध्ये मेलेल्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतं. घरातल्या बाईपर्यंत इशारा पोचत नव्हता, पोचला तरी परक्या पुरुषांनी भरलेल्या निवाऱ्यात ती जायला धजत नव्हती. आता स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. वादळं येणाऱ्या प्रत्येक देशाने पहिल्यांदा ही गोष्ट उचलावी, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : एका देशात यशस्वी झालेल्या बांधकामाचा आराखडा जशाच्या तसा दुसऱ्या देशाला का देऊ नये? वेळ तरी वाचेल. (स्थापत्य अभियंता)

आराखडा जरूर द्या. पण तो कोणी आणि कसा अमलात आणला हेही त्याच्याबरोबर द्या, नाहीतर अर्धीच गोष्ट पोचते.

ब्राझीलच्या ईशान्येला मोठा अर्धशुष्क प्रदेश आहे. तिथे शतकभर 'दुष्काळाविरुद्ध लढा' या नावाखाली मोठी धरणं झाली आणि पाणी मोठ्या जमीनदारांच्या शेताला गेलं. १९९९ मध्ये तिथल्या शेकडो गावसंघटना, चर्चगट, शेतमजूर संघटना एकत्र आल्या आणि त्यांनी भूमिका बदलली: दुष्काळाशी लढायचं नाही, या हवामानासोबत जगायचं. २००३ मध्ये दहा लाख टाक्यांचा कार्यक्रम सुरू झाला. घराच्या छपरावरचं पाणी पन्हळीने १६ हजार लिटरच्या टाकीत घ्यायचं, म्हणजे एका कुटुंबाची पिण्या-स्वयंपाकाची कोरड्या महिन्यांची गरज भागते. टाकी सिमेंटच्या वक्र फरशा जोडून बनते. फरशा जागेवरच ओततात, गवंडी गावातलाच प्रशिक्षित, त्यांत बायकाही. खड्डा कुटुंब खणतं. कोणाला आधी टाकी द्यायची ते गावाची समिती ठरवते.

२०११ मध्ये सरकारला घाई झाली आणि कारखान्यातल्या प्लास्टिकच्या तयार टाक्या वाटायचं ठरलं. तुमच्या हिशेबाने तो बरोबरच निर्णय होता: आकार तोच, पाणी तेवढंच, काम झटपट. डिसेंबरमध्ये पेत्रोलिना शहरात सुमारे १५ हजार लोक रस्त्यावर उतरले. प्लास्टिकची टाकी महाग होती, उन्हात ती विरूप होत होती. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की ती फुटली तर दुरुस्त करणारं गावात कोणी नव्हतं आणि तिचा पैसा गावातल्या गवंड्याकडे न जाता दूरच्या कारखान्यात जात होता. सिमेंटच्या टाकीबरोबर गावात समिती उभी राहत होती, हिशेब ठेवायला शिकलेली बाई तयार होत होती, आणि तीच पुढे बियाणं-पेढीही चालवत होती.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने पुढे याच कामापासून प्रेरणा घेऊन साहेलच्या, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातल्या, देशांसाठी दहा लाख टाक्यांचा उपक्रम मांडला. छपराचा प्रकार, पावसाचं प्रमाण, सिमेंटची उपलब्धता, सगळं तिथे वेगळं आहे, ते बदलावंच लागणार. गावसमिती आणि स्थानिक गवंडी मात्र बदलू नयेत. मी असे आराखडे पाहिले आहेत ज्यांत टाकीचं माप मिलिमीटरपर्यंत होतं आणि समितीबद्दल एक ओळही नव्हती.

प्रश्न : १२ सप्टेंबरला 'दक्षिण-दक्षिण सहकार्य दिन' असतो असं वाचलं. याचं मूळ कशात?

१९७८ मध्ये १२ सप्टेंबरला ब्युनोस आयर्समध्ये १३८ देशांनी विकसनशील देशांमधल्या तांत्रिक सहकार्याचा कृती आराखडा मान्य केला. त्या दिवसाची ही आठवण. 'दक्षिण' म्हणजे इथे विकसनशील देश. २०१९ मध्ये त्याच शहरात चाळीस वर्षांचा आढावा झाला. त्या करारातलं एक सूत्र मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे: आपसातलं सहकार्य श्रीमंत देशांच्या मदतीला पूरक आहे, तिची जागा घेणारं नाही.

प्रश्न : तुमच्या बोलण्यातून असा अर्थ निघतो की गरिबांनी गरिबांना सावरावं आणि ज्यांनी हवेत धूर सोडला त्यांनी हात झटकावेत. हे तुम्हाला मान्य आहे? (एक वाचक, थोड्या रागाने)

मुळीच मान्य नाही, आणि तुमचा राग मला रास्त वाटतो. वर ब्युनोस आयर्सचं सूत्र मुद्दाम सांगितलं ते याचसाठी. विकसनशील देशांना अनुकूलनासाठी मिळणारा आंतरराष्ट्रीय सार्वजनिक निधी २०२२ मध्ये सुमारे २८ अब्ज डॉलर होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे गरज आणि हा निधी यांत दरवर्षी १८७ ते ३५९ अब्ज डॉलरची तूट आहे. खड्डे खणून ही तूट भरणार नाही. ती ज्यांची जबाबदारी आहे त्यांच्याकडे मागतच राहिली पाहिजे, मोठ्या आवाजात.

पण आलेला पैसा कुठे जातो, हेही विचारू या. २०१७ मध्ये लंडनच्या एका पर्यावरण-विकास संस्थेने २००३ पासूनच्या आंतरराष्ट्रीय हवामान निधीचा हिशेब मांडला. त्यातला दहा टक्क्यांहून कमी पैसा स्थानिक पातळीसाठी होता. बाकीचा वरच्या पातळ्यांवरच राहिला. २०२१ च्या जानेवारीत स्थानिक नेतृत्वाच्या अनुकूलनाची आठ तत्त्वं जाहीर झाली, ती याच दुखण्यावर. त्यांतलं पहिलंच तत्त्व निर्णय सर्वांत खालच्या योग्य पातळीवर सोपवा, असं सांगतं. बांगलादेशाचे शास्त्रज्ञ सलीमुल हक यांनी यासाठी आयुष्य वेचलं. २००५ पासून ते समुदाय-आधारित अनुकूलनाच्या परिषदा भरवत राहिले आणि उपस्थितांना सभागृहात बसवण्याआधी गावांत पाठवत.

पैसा गावापर्यंत नेण्याची वाट केनियाने दाखवली आहे. इसिओलो हा तिथला गुराख्यांचा कोरडा प्रदेश. तिथे काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, हवामान निधी सुरू झाला, त्यात ७० टक्के रक्कम वॉर्डच्या निवडून दिलेल्या समित्यांनी ठरवलेल्या कामांसाठी. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, लोक नवी विहीर मागतील. पण बोरान गुराख्यांच्या 'देधा' नावाच्या जुन्या पंचमंडळाला बळ द्यावं, म्हणजे कोणत्या ऋतूत कोणतं कुरण राखायचं हे पुन्हा नीट ठरेल, अशी मागणी पुढे आली. जिथे कुठेही विहीर खणली की तिथे गुरं गोळा होतात आणि भोवतालचं कुरण संपतं, हे गुराख्याला माहीत असतं. मकुएनी काउंटीने अशा निधीसाठी स्वतःच्या विकास अंदाजपत्रकातला हिस्सा कायद्याने राखून ठेवला. ही पद्धत मग टांझानियात, सेनेगलच्या काफ्रिनमध्ये आणि मालीच्या मोप्ती भागात गेली. एका विकसनशील देशाने दुसऱ्याला दिलेली ही माझ्या दृष्टीने झाईहूनही मोलाची गोष्ट आहे, कारण ही अंदाजपत्रकाची रीत आहे आणि ती एकदा कायद्यात बसली की प्रकल्प संपला तरी उरते.

प्रश्न : आमचा महिलांचा गट पाणी आणि बियाण्यांवर काम करतो. दुसऱ्या देशातल्या अशाच गटाशी देवाणघेवाण करायची आहे. सुरुवात कुठून करावी?

ताई, आधी तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. "पर्यावरणाबद्दल शिकायचं आहे" असं नको. "उन्हाळ्यात बियाणं भुंग्यापासून कसं वाचवायचं" असं हवं. प्रश्न नेमका असला की कोणाकडे जायचं हे आपोआप ठरतं. पेरूमधल्या पिसाक खोऱ्यात केचुआ लोकांची 'बटाटा बाग' आहे, तिथे शेकडो जातींचे बटाटे राखले आहेत. २००४ मध्ये तिथल्या समुदायांनी आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी करार करून आपल्या हरवलेल्या जाती परत मिळवल्या. ऊन वाढलं तशी लागवड डोंगरावर वर सरकवावी लागली, हा त्यांचा अनुभव आहे. २०१४ मध्ये भूतानमध्ये डोंगरी समुदाय जमले तेव्हा पेरूचे बटाटेवाले आणि हिमालयातले शेतकरी एकाच प्रश्नावर बोलत होते: पीक आणखी किती वर न्यायचं, आणि वरची जागा संपल्यावर काय?

मग कोण जाणार ते ठरवा. अध्यक्ष, सचिव आणि ज्यांचा पासपोर्ट तयार आहे ते, अशी यादी होऊ देऊ नका. जी बाई बियाणं साठवते ती गेली पाहिजे, लिहिता-वाचता येत नसलं तरी. राजस्थानातल्या तिलोनियाला आफ्रिकेतल्या कित्येक देशांतून आज्या येऊन सहा महिन्यांत सौरदिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकून गेल्या. एकमेकींची भाषा येत नव्हती, रंगांच्या खुणा आणि हातवारे यांवर शिकल्या. एकटीला पाठवू नका, दोघी-तिघी हव्यात, म्हणजे परतल्यावर तिचा शब्द एकाकी पडत नाही. ती गावाबाहेर असेल तेव्हा तिचं घर, गुरं, आजारी माणसं कोण बघणार, हे गटाच्या बैठकीत ठरवून वहीत लिहा. बायकांचे दौरे बहुतेक वेळा इथेच अडतात आणि अर्जात या खर्चाला रकाना नसतो. तो मागून घ्या.

हंगाम बघून जा. पीक उभं असताना सगळंच छान दिसतं. खरं शिक्षण कोरड्या दिवसांत होतं, जेव्हा टाकीत किती उरलं आहे आणि समितीत भांडण कशावरून चालू आहे हे दिसतं. यजमानांना त्यांचं फसलेलं काम दाखवायची विनंती आधीच करा, लोक आनंदाने दाखवतात. दुभाषा शेतीतला घ्या, हॉटेलातला नको. आणि दिवसाला एकच गाव करा, दुपारनंतर काही ठरवू नका. बायका एकमेकींशी मोकळं बोलतात ते तेव्हाच.

परतल्यावर लगेच सगळ्या गावात काही करायला जाऊ नका. दोन-तीन जणींनी आपल्याच जागेत करून बघावं, शक्य तर रस्त्याच्या कडेला. आणि एक गोष्ट पहिल्याच अर्जात घालून टाका: यजमान गटातल्या बायकांचा तुमच्याकडचा दौरा. नंतर मागितला तर देणारे म्हणतात, प्रकल्पाची मुदत संपली.